फळांची गळ आणि माणसांची गळती

आमच्या पाचोडात 'गळ' हा शब्द निघाला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. श्रावण-भाद्रपदात मोसंबीची झाडे फळांनी वाकलेली असतात, अन् पावसाने आठवडाभर ठाण मांडले की एखाद्या सकाळी बुंध्याशी हिरव्या-पिवळ्या फळांचा सडा पडलेला दिसतो. मग धावपळ सुरू होते. कोणी म्हणतो बुरशी, कोणी म्हणतो मुळाशी पाणी साचले, कोणी म्हणतो खताचा हप्ता चुकला. जाणकारांना बोलावून बागेतून फिरविले जाते. फळ गळाले तर ते का गळाले हे विचारावे, एवढी समज आमच्याकडे शाळकरी पोरालाही आहे.

माणसे गळतात तेव्हा मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे मी थोड्या अधिकाराने सांगतो, कारण माझी सारी नोकरी माणसांच्या गळतीचा हिशेब लिहिण्यात गेली. आधी मुंबईच्या एका गिरणीत टाइमकीपर म्हणून, आणि पुढे वाळूजच्या एका कारखान्यात हजेरी व भरतीच्या टेबलावर. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा गावी येऊन बसलो आहे. हिशेब सुटला, सवय सुटली नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "लग्नाच्या पंगतीत बसले तरी तुमचं लक्ष कोण उठून गेलं याच्याकडेच."

शहरांतल्या वाचकांसाठी सांगतो : पाचोड हे पैठण तालुक्यातले, धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव. पंचक्रोशीबाहेर ते दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. एक मोसंबीचा बाजार, आणि दुसरी डॉ. अशोक दयालचंद यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था, जिने खेड्यातल्या मुलींची अकाली होणारी लग्ने पुढे ढकलण्यासाठी मोठे काम केले. माझी गोष्ट मोसंबीची आहे.

माझ्या पुतण्याची बाजाराजवळ मोसंबी निवडण्याची शेड आहे. बागेतून आलेला माल ओट्यावर ओतायचा, डागी फळ बाजूला काढायचे, लहान-मोठी प्रत लावायची, कॅरेटे भरायची आणि रात्री ट्रक दिल्लीच्या वाटेला लावायचा. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो आला तो घाम पुसतच.

"नाना, टोळी गेली."

"किती जण?"

"सगळे. मुकादमानं रातोरात उचलून नेले. दुसरीकडं जास्तीची उचल मिळाली म्हणं."

अठरा माणसे, एकाच गावची, बहुतेक एकमेकांची भाऊबंद. चार वर्षे पुतण्याने ती टोळी जपली होती आणि तिचे त्याला कौतुक होते. "एका गावचे असले म्हणजे भांडण नाही, तंटा नाही, एकाला सांगितलं की अठरा जणांना कळलं," असे तो म्हणे. ते खोटेही नव्हते. चार वर्षांत एकही माणूस सुटा असा सोडून गेला नव्हता. गेले ते सगळे एकदम.

मला याचे नवल वाटले नाही, कारण हा खेळ मी गिरणगावात पाहिला होता. मी 1970 मध्ये गिरणीत लागलो. तेव्हाचे म्हातारे कामगार जॉबरच्या राज्याच्या कथा सांगत. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. माणूस घेणे, काढणे, एखादा न आल्यास त्याच्या जागी बदली देणे, सारे त्याच्या हाती. तो आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे आणी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणी करीत. मालकाला यासारखी सोय नाही. माणूस शोधावा लागत नसे, त्याच्या राहण्याजेवण्याची चिंता नसे. गावकऱ्यांची खोली आणि खानावळ त्याची वाट पाहतच असे. शेजारचा साचेवाला मामा किंवा चुलता असल्यामुळे काम शिकविण्याचाही खर्च नाही. पण जॉबर रुसला की अर्धे खाते रुसले. आणि एका खात्यात एकाच तालुक्याची माणसे भरली असली म्हणजे शिमग्याला अन् गणपतीला साच्यांवर उभे कोण राहणार?

व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असे सुचविले. मुंबईच्या गिरणीमालक संघाने 1935 मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरचा तोरा हळूहळू उतरला. अगदी गेला असे मात्र मी म्हणणार नाही. फाटकावर सकाळी कोण कोणाकडे पाहून डोळा मिचकावतो, हे टाइमकीपरच्या खिडकीतून फार छान दिसते.

या सोयीची किंमत कोण भरीत होते, हेही सांगितले पाहिजे. विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना थारा नव्हता. कारण ऐका. धोट्यात नवी कांडी बसविली की सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचे तोंड लागणार, म्हणून ही माणसेच त्या खात्यात नकोत! तोंडाने सूत ओढणे ही मुळातच रोगट रीत. ती बंद करावी असे कोणाला सुचले नाही. माणसे बाहेर ठेवणे सुचले. 1928 साली सहा महिन्यांचा मोठा संप झाला, त्यात डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडली, आणि एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही ती अडचणीची वाटली.

बायकांचेही तेच. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि नवी यंत्रे या तिन्हींनी मिळून त्यांना हळूहळू बाहेर काढले. माझ्या वेळी मस्टरमध्ये बायकांची पाने शोधावी लागत.

सगळे कारखानदार असेच होते असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा वसाहतीत शिवाशिव पाळावयाची नाही असे ठरविले आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही कामावर घेतले. पण असे धाडस नियम म्हणून कोणी करीत नव्हते.

तर पुतण्याला मी म्हटले, "मुकादमाच्या मागे धावू नकोस. सुटी माणसे गोळा कर."

त्याने केली. आसपासच्या वस्त्यांवरच्या पाच बायका, तांड्यावरच्या तिघी, बारावी होऊन घरी बसलेली गावची दोन पोरे, आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यावर काम करणारे बिहारकडचे दोघे तरुण. बारा माणसे, तीन भाषा आणि बारा तऱ्हा. पहिल्या दिवशी ट्रक मध्यरात्री निघाला.

पहिला पंधरवडा वाईट गेला. निवडणाऱ्याला ज्याच्या-त्याच्या कॅरेटांवर मजुरी होती. माल ओतणारी ती गावची दोन पोरे आपल्या गल्लीतल्या बायकांपुढे स्वच्छ, एकसारखी मोसंबी ओतीत आणि तांड्यावरच्या बायकांपुढे डागी, बारीक, चिखलाने माखलेली. स्वच्छ माल भराभर निवडून होतो, डागी मालाला दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी कॅरेटे मोजताना रोज भांडण. बिहारी पोरे कोणाशी बोलत नसत आणि कोणी त्यांच्याशी बोलत नसे. तिसऱ्या आठवड्यात पुतण्या हिशेबाची वही घेऊन आला. जुन्या टोळीच्या मानाने माल कितीतरी कमी निघत होता.

"नाना, मिसळीची टोळी टिकत नसते. मी मुकादमाला फोन लावतो."

'टिकत नसते.' हे दोन शब्द मी पूर्वी ऐकले होते, आणि त्यांना पुरावा माझ्याच हातचा होता. ती हकीगत आजवर मी घरातही नीट सांगितली नव्हती.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. मीही गाशा गुंडाळून मराठवाड्यात आलो. औरंगाबादजवळ वाळूजला तेव्हा नवी वसाहत आकार घेत होती. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्यामागून लहानमोठे सुटे भाग करणारे आले. त्यांपैकी एकात मला काम मिळाले. नाव सांगत नाही. सांगण्याने काही साधत नाही.

1990 च्या सुमारास त्या कारखान्यात यंत्रखात्यासाठी आयटीआय झालेली एक मुलगी अर्ज घेऊन आली. गुण उत्तम. साहेबांनी हौसेने तिला घेतले. सगळ्या खात्यात ती एकटी. पाच आठवड्यांनी तिने राजीनामा दिला. माझ्या रजिस्टरात 'सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता. मी तिला विचारले नाही. तरुण मुलगी आहे, लग्न ठरले असेल, घरच्यांनी नको म्हटले असेल, असा विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिले : 'घरगुती अडचण'.

पुढच्या भरतीच्या वेळी तिचा विषय निघाला, तेव्हा साहेबांनी माझे रजिस्टर मागवून घेतले. "पाहा, बायका टिकत नाहीत," ते म्हणाले. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या खात्यात एकही मुलगी घेतली गेली नाही. माझ्या दोन शब्दांवर!

बऱ्याच वर्षांनी ती मला शहराच्या एसटी स्टँडवर भेटली. तिनेच ओळखले. ती आता मुलांना यंत्रकाम शिकवीत होती. बोलता बोलता मी विचारले, "त्या वेळी का हो सोडलंत?"

ती हसली. "साहेब, बायकांची मोरी ऑफिसच्या इमारतीत होती. खात्यातून जायचं तर फोरमनची चिठ्ठी, दोन फाटकं आणि सगळ्यांच्या नजरा. मी सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नसे. पाचव्या आठवड्यात आजारी पडले. पुन्हा यंत्रावर काही हात लावू देत नव्हते, नुसतं मोजमाप करायला बसवायचे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

एवढी हकीगत ऐकून पुतण्याने फोन खिशात ठेवला. पटले म्हणून नव्हे, माझा चेहरा पाहून. पण माझ्या पश्चात्तापाने त्याचा ट्रक भरणार नव्हता. उपाय सापडला तो आमच्या नातीकडून. ती पुण्यात अर्थशास्त्र शिकते आणि दसऱ्याच्या सुट्टीत आली होती. तिने शेडमधले भांडण ऐकले आणि म्हणाली, "नाना, हे तर केनियातल्या फुलांसारखंच आहे!"

मग तिने सांगितले. केनियात निर्यातीच्या फुलांचे मोठे कारखाने आहेत. तिथे तिघांची तुकडी असते. एक जण देठ तयार करून पुरवितो आणि दोघे जुड्या बांधतात. यॉनास योर्ट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अशा एका कारखान्याचे हिशेब तपासले. पुरविणारा माणूस आपल्या जमातीच्या बांधणाऱ्याला जास्त फुले देई, दुसऱ्याला कमी, आणि त्यात स्वतःचीही मजुरी घटली तरी त्याला चाले! 2007 च्या अखेरीच्या निवडणुकीनंतर तिथे जमातींत दंगली झाल्या, तेव्हा मिश्र तुकड्यांचे काम आणखी खाली गेले. मग मालकांनी दोघा बांधणाऱ्यांची मजुरी एकत्र मोजावयास सुरुवात केली आणि त्या दोघांत डावे-उजवे करणे थांबले. मने त्या दिवशी बदलली असतील असे नाही. डावे-उजवे करण्यात अर्थ उरला नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच देशातली. पश्चिम बंगालमधील एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात अर्कदेव घोष यांनी हिंदू व मुसलमान कामगारांच्या मिश्र तुकड्या करून पाहिल्या. जिथे जो तो आपापले काम करतो तिथे काही फरक पडला नाही. जिथे एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते तिथे सुरुवातीला उत्पादन घटले. आणि साधारण चार महिन्यांत ती तूट भरून निघाली. शिवाय एकमेकांविषयीचे मत निवळले तेही याच अडणाऱ्या कामावर.

"चार महिने!" पुतण्या म्हणाला. "माझे तीन आठवडेच झालेत."

तिने रोझाबेथ मॉस कँटर या बाईंचेही सांगितले. त्यांनी 1977 मध्ये लिहून ठेवले आहे की शंभरात पंधरांहून कमी असलेली माणसे सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात, पण त्यांचे म्हणणे कोणाच्या कानावर येत नाही. मला वाळूजची ती मुलगी आठवली. ती तर शंभरात एकही नव्हती.

मीही माझे जुने ज्ञान पाजळले. अमेरिकेत फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात 1913 साली सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षात बावन्न हजार माणसे भरती करावी लागली होती. कामगार देशोदेशींचे. 1914 मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांचा दिवस केला, आणि गळती झपाट्याने उतरली. पण त्याने इंग्रजीची शाळाही काढली, आणि तिच्या समारंभात कामगार आपापल्या देशाच्या वेषात एका प्रचंड देखाव्याच्या कढईत शिरत व दुसऱ्या बाजूने अमेरिकन कोट घालून बाहेर पडत! पगाराची युक्ती घ्यावी, कढई त्यांच्याकडेच राहू द्यावी, असे माझे मत. नात म्हणाली, "आपल्याकडे कढईत फक्त चकल्या."

पुतण्याने दुसऱ्या दिवसापासून एका ओट्याची सगळी कॅरेटे एकत्र मोजून मजुरी समान वाटावयास सुरुवात केली. ओतणाऱ्यांनाही त्याच मोजणीत धरले. आठवडाभरात डागी मोसंबी चारी दिशांना सारखी पडू लागली. ओत्यांनाच तांड्यावरच्या एकीचा हात सर्वांत जलद आहे असा शोध लागला. ती त्यांच्याच पैशांची झाली ना! शेडच्या मागे बायकांसाठी आडोसा नव्हता, तो पक्का बांधून घेतला. याबाबत मी हटून बसलो. पोरे निजविण्यासाठी एका कोपऱ्यात झोळी लागली. बिहारी तरुणांतला एक ट्रकमध्ये कॅरेटे रचण्यात वाकबगार निघाला. त्याने रचलेल्या थरांतला माल कमी दबतो असा दिल्लीहून निरोप आला, तेव्हापासून त्याच्याशी बोलण्याची सर्वांना गरज पडू लागली आणि शेडमधल्या हिंदीची दुर्दशा पाहावत नाहीशी झाली.

माल जुन्या टोळीएवढा निघावयास दिवाळी उलटली. तोवरचा तोटा पुतण्याने सोसला, हे लपविण्यात अर्थ नाही. तो सोसण्याची ऐपत नसती तर त्याने मुकादमालाच बोलावले असते आणि मी त्याला नावे ठेवली नसती.

यंदा पोळ्याच्या सुमारास आंबे बहाराचा माल पुन्हा सुरू झाला. मुकादम स्वतः आला होता. अठरा माणसे तयार आहेत म्हणाला, उचलीचा आकडा सांगितला. पुतण्याने चहा पाजून त्याला वाटेस लावले. बारापैकी नऊ जण न बोलाविता परत आले होते, आणि त्यांनी आपल्याबरोबर आणखी चौघांना आणले होते.

मी वही मागितली. तीन जण का आले नाहीत?

"एक बिहारी शेंद्र्याच्या कंपनीत लागला. तांड्यावरची एक लग्न होऊन गेली. अन् वस्तीवरची ती एक..." पुतण्या थोडा घुटमळला. "तिची काही घरगुती अडचण असंल."

मी त्याला मोटारसायकल काढावयास लावली. या वयात मागे बसून कच्च्या रस्त्याने जाणे हे धाडसच, पण गेलो. बाई घरीच होती. तिने बसावयास बाज दिली, ख्यालीखुशाली विचारली. पुतण्याने कारण विचारले तेव्हा म्हणाली, "काही नाही दादा, असंच."

मी म्हटले, "बाई, मी एकदा न विचारता लिहून ठेवलं होतं. आता विचारूनच जाणार."

तिने पदर सारखा केला. "तुम्ही माठ एकच ठेवला होता, ते चांगलं केलं. पण ज्या दिवशी माठ मी भरायचे त्या दिवशी बाकीच्या घरून बाटल्या आणायच्या. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. नुसत्या बाटल्या आणायच्या. मजुरी सारखीच मिळत होती, त्याची तक्रार नाही."

परतीच्या वाटेवर पुतण्या काही बोलला नाही. शेडवर पोचलो तेव्हा पाचोड खुर्दकडून मालाचा ट्रॅक्टर येऊन उभा होता. त्याने वही उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

"नाना, हिच्यापुढं काय लिहू?"

"ती म्हणाली तेच लिही."

त्याने लिहिले. मग उठून माठाजवळ गेला, झाकण काढून आत पाहिले, आणि तिथून बायकांना हाक मारली. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. ट्रॅक्टरची फळी खाली पडली होती आणि ओट्यावर मोसंबी ओतावयास सुरुवात झाली होती.